हात ओळखणाऱ्या दातेबाई

दातेबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत म्हणून गटातली मंडळी गौरव अंक काढणार आहेत. मला निरोप आला, तुम्ही बाईंच्या इतक्या जवळच्या, दोन पानं लिहून द्या, जरा गोड लिहा. मी म्हटलं देते. लिहायला बसले आणि ही एवढी पानं झाली, आणि त्यात गोड फारसं काही निघालं नाही. ते हे छापणार नाहीत, मला माहीत आहे. पण निरोप त्यांनी पाठवला, मी काही मागायला गेले नव्हते.

ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. पनवेलच्या लाइन आळीत एका कापडदुकानाच्या वर बाईंची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. आमच्या आधीच्या पिढीतली पनवेलची निम्मी नोकरदार माणसं बाईंच्या हाताखालून गेलेली. पुढे सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि बाईंची मशिनं भंगारवाल्याच्या टेम्पोत गेली. मशिनं चढवत होते तेव्हा बाई गॅलरीत उभ्या होत्या आणि हमालांना वरून सांगत होत्या, की नीट बांधा, नाहीतर रस्ताभर खडखडाट होईल. साठी ओलांडलेल्या या बाई दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या मुलांच्या रांगेत कॉम्प्युटर क्लासला जाऊन बसल्या. सहा महिन्यांत त्या शिकवणाऱ्याच्याच चुका काढायला लागल्या, तेव्हा त्यानं हात जोडून सांगितलं, बाई, आता तुम्ही घरी केलंत तरी चालेल.

बाईंनी खरंच घरी केलं. कंपन्यांचे बिघडलेले प्रोग्राम त्यांच्याकडे यायचे आणि कुठल्या ओळीत काय चुकलंय ते बाई शोधून द्यायच्या. त्यातूनच त्यांनी 'कळफलक' नावाचा ऑनलाइन गट काढला. दुसरीच कामं करून मग कॉम्प्युटरकडे वळलेल्या मराठी माणसांचा हा गट. कुणी दुकानात असलेला, कुणी शाळेत, कुणी गॅरेजमध्ये. इंजिनिअर लोकांना बाई येऊ देत, पण त्यांच्यात बघण्यासारखं काही नसतं असं तोंडावर सांगत. गटात अडचण विचारली की बाई उत्तर देत, आणि उत्तर असं चोख की बघत राहावं. म्हणून तर लोक गट सोडून जात नव्हते. बाईंचं बोलणं ऐकून घ्यायचं आणि उत्तर घेऊन जायचं, असा सगळा मामला.

बाईंच्या नाकावर माशी बसायची नाही. त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत, अगदी कुणाची लाज काढायची तरी 'तुम्ही'च. घरी कुणी आलं की आधी दारातल्या त्याच्या चपला त्याच्या देखत सरळ करून ठेवत आणि मग त्याच्याशी बोलत. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं की आपल्याला पाच मिनिटं आहेत असं समजायचं. चहा स्वतःपुरता करत, आलेल्याला पाणी. कुणी आपलं मत मांडायला लागलं की म्हणत, "मत नको, ओळ दाखवा." त्यांच्या घरचं, लग्नाबिग्नाचं मला काही ठाऊक नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. मला मात्र त्या पुढे अगं-तुगं करायला लागल्या. मला ते फार मोठं वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

गटात आत येताना प्रत्येकानं तीन गोष्टी लिहायच्या असा नियम होता: नाव, गाव आणि आधी काय काम केलंत. बाईंचं म्हणणं असं, की माणूस काम बदलतो पण त्याचा हात बदलत नाही. आधीचं काम त्याच्या प्रोग्राममध्ये दिसतंच. मी गटात आले तेव्हा मी काही लिहायच्या आधी बाईंनी माझा एक जुना प्रोग्राम मागवला आणि सांगितलं, "तुम्ही औषधांच्या दुकानात होता. प्रत्येक गोष्टीला तारीख लावलीय, आणि जे कळलं नाही ते वरच्या फळीवर ठेवून दिलंय." मी सात वर्षं उरण नाक्यावर मेडिकलच्या काउंटरला होते. कुणीतरी आपल्याला आरपार बघितलं असं वाटलं, आणि माणसाला तेवढं पुरतं.

यातूनच रविवारचा खेळ निघाला. दर रविवारी सकाळी अकरा वाजता. कुणीही आपल्या प्रोग्रामचा एक तुकडा माझ्याकडे पाठवायचा, मी त्यावरचं नाव काढून तो गटात टाकायचा, बाई तो सगळ्यांसमोर वाचून लिहिणाऱ्याचं आधीचं काम सांगायच्या आणि मग मी नाव उघडायचं. मी गटाची ॲडमिन होते, म्हणजे काय गटात जाईल नि काय नाही ते माझ्या मंजुरीनं. हजारो माणसं ते बघायला बसायची. आंघोळी राहायच्या, मटण गॅसवर असायचं, पण अकराला सगळे हजर.

एका रविवारी बाईंनी एका निवृत्त बस कंडक्टरला पकडलं. म्हणाल्या, हे गृहस्थ पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत प्रत्येकाला विचारत जातात आणि परत पुढे येऊन पुन्हा सगळ्यांना विचारतात, यांच्या प्रोग्राममधून आजवर एकही माणूस खाली उतरलेला नाही. लोक हसून लोळले. कंडक्टरही हसला, आणि महिन्याभरात गटातून गेला. आपटा गावच्या एक प्राथमिक शाळेच्या बाई होत्या. त्यांनी प्रत्येक ओळीशेजारी ही ओळ काय करते ते समजावून लिहिलं होतं. दातेबाई म्हणाल्या, "प्रोग्राम कमी आणि फळा जास्त. समोर मुलं नाहीत, हे अजून यांच्या लक्षात आलेलं नाही." त्या बाईंना शाळा नाइलाजानं सोडावी लागली होती, मुलं नसल्याचंच तर त्यांना दुःख होतं. हे मला माहीत होतं. त्या गटात आल्या तेव्हा मी दातेबाईंना सांगितलंही होतं. नंतर मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, माहीत होतं म्हणूनच बोलले, नाहीतर त्या किती वर्षं फळ्याला चिकटून राहिल्या असत्या.

आणि गंमत बघा, आम्ही याला स्पष्टवक्तेपणा म्हणत होतो. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर त्याला दारात उभं केलं नसतं. बाईंच्या तोंडून आपली फजिती झाली म्हणजे आपण गटात मुरलो, असा लोकांचा हिशेब. आपल्यावरची बाईंची ओळ लोक फोटो काढून मिरवायचे.

आता हरेश घरतचं सांगते. त्याच्यासाठीच खरं तर बसले आहे.

हरेश जासईचा. पस्तिशीचा, गडद रंगाचा, हळू बोलणारा माणूस. जासईला आजूबाजूला कंटेनरची यार्डं पसरली आहेत, त्यातल्या एका यार्डाच्या गेटवर तो चेकर होता. आत येणाऱ्या प्रत्येक कंटेनरचा नंबर आणि सील बघून लिहून घ्यायचं, हे त्याचं काम. कंटेनरला ते लोक डबा म्हणतात. डब्याच्या नंबरातला शेवटचा आकडा आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळे मधला एक आकडा जरी चुकीचा लिहिला तरी शेवटचा जुळत नाही. हरेशला हे कळलं तेव्हा तो म्हणे दिवसभर खूश होता. तो नंबर आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम त्यानं घरी बसून मोबाइलवर केला आणि तिथून त्याला या कामाची चटक लागली. चार वर्षं तो गटात होता. चार वर्षांत त्यानं एकदाही प्रश्न विचारला नव्हता. नुसता वाचायचा.

मग खारघरच्या एका कंपनीनं त्याची परीक्षा घेतली. घरी करायला एक काम दिलं, त्यानं ते करून पाठवलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की त्याची निवड झाली. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. यार्डातली नोकरी त्यानं सोडली, त्याच्या जागी दुसरा चेकर आलासुद्धा. बायकोनं गावात पेढे वाटले. जासईतल्या कितीतरी घरांच्या जमिनी सरकारी संपादनात गेल्या त्याला जमाना झाला, आणि तेव्हापासून तिथल्या माणसाला नोकरी म्हणजे गेट, क्रेन नाहीतर ड्रायव्हिंग. खुर्चीत बसून डोकं चालवायची नोकरी त्याच्या आळीत हरेशचीच पहिली.

आणि या शहाण्यानं काय करावं? हजर व्हायच्या आधीच्या रविवारी तेच काम त्यानं बाईंच्या खेळाला पाठवलं. मला खाली लिहिलं होतं, ताई, मॅडमना ओळखू द्या, बघू मना डबेवाला म्हणतात का. त्याला शाबासकी नको होती. बाईंनी आपल्याला ओळखावं, एवढंच त्याला हवं होतं. माझ्यासारखंच.

मी नाव काढलं आणि तो प्रोग्राम गटात टाकला. बाईंनी वाचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग लिहिलं, की आज बऱ्याच दिवसांनी कुणीतरी शिकलेलं माणूस भेटलं. ओळ कागदाच्या कडेला जाऊन आदळायच्या आत मोडलेली आहे. कुठलंही नाव तोडून-मोडून अर्धवट लिहिलेलं नाही. ओळींशेजारच्या टिपांत पूर्णविरामानंतर दोन जागा सोडल्या आहेत, ही सवय आता कुणाला नसते. ही व्यक्ती टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली आहे, बहुधा बाई आहे आणि वयानं पन्नाशीच्या पुढची आहे. बाईंनी कुणाबद्दल इतकं चांगलं लिहिलेलं मी त्या आधी वाचलं नव्हतं.

मी नाव उघडलं. हरेश घरत, जासई, कंटेनर यार्डात गेटवर चेकर.

दोन मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. त्या दोन मिनिटांत बाईंनी 'मी चुकले' एवढं लिहिलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि जो तो मटण खायला उठला असता. बाईंनी लिहिलं, "मग हे त्यांनी लिहिलेलं नाही."

झालं. लोकांना तेवढंच हवं होतं. डब्यातून माल काढला वाटतं. सील तोडलं काय. गेटवर तपासत तपासत खिशात काय काय गेलं. मी हे सगळं मंजूर करत होते, एकामागून एक. हरेशनं तीनदा लिहिलं की मॅडम, माजाच हाय. त्याच्या बोलीवरही विनोद झाले. चौथ्यांदा लिहिल्यावर बाईंनी मला फोन करून सांगितलं, त्यांना गटातून काढ, उगाच शोभा होतेय. मी काढलं.

मला विचाराल तर बाई खोटं बोलत नव्हत्या. एका कंटेनरवाल्याचा हात इतका नेटका असेल, हे त्यांच्या डोक्यात शिरूच शकत नव्हतं. कंडक्टर म्हणजे धांदल, दुकानदार म्हणजे फळ्या आणि गेटवरचा आगरी माणूस म्हणजे ओबडधोबड काहीतरी, असं त्यांचं पक्कं ठरलेलं. आम्हाला तेव्हा वाटायचं की खेळात त्या कधी चुकल्या नव्हत्या. मी नंतर जुन्या चार-पाच जणांना गाठून विचारलं. दोघांनी सांगितलं की बाईंनी आमचं काम चुकीचंच सांगितलं होतं, पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हटलं.

गटावर कंपन्यांचा डोळा असायचा, इथून त्यांना माणसं मिळायची. सोमवारी हरेश खारघरला नवा शर्ट घालून गेला तेव्हा रविवारचं सगळं तिथे पोचलेलं होतं. त्यांनी त्याला बाहेरच्या सोफ्यावर बसवलं. शेवटी एक मॅडम आल्या आणि म्हणाल्या, आमचा तुमच्यावर राग नाही, पण दातेबाई म्हणतात म्हणजे आम्हाला विचार करायला हवा. त्यांनी चूक झाली असं लिहून दिलं तर आम्ही लगेच घेतो. बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत थांबतो, नंतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू.

मंगळवारी सकाळी हरेश लाइन आळीत बाईंच्या घरी आला. मी तिथेच होते. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी. बाईंनी त्याच्या चपला सरळ केल्या, घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. त्यानं पिशवीतून वह्या काढल्या. दोनशे पानी, सात वह्या. यार्डात आत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून तो सकाळी घरी बाईंची उत्तरं वहीत उतरवून घ्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये बसून ती पुन्हा पुन्हा वाचायचा. चार वर्षांतलं बाईंचं प्रत्येक उत्तर त्या वह्यांत होतं. बाई जिथे ओळ मोडत तिथेच त्यानं ओळ मोडली होती. बाई दोन जागा सोडत तिथे त्यानंही दोन जागा सोडल्या होत्या. हे असंच करायचं असतं असं त्याला वाटलं होतं, दुसरं कुणी शिकवायला नव्हतं.

म्हणजे रविवारी बाईंनी ज्या हाताचं एवढं कौतुक केलं तो त्यांचाच हात होता. रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा आवाज जसा परका वाटतो, तसं काहीसं झालं होतं. मला ते एका क्षणात कळलं आणि बाईंनाही कळलं, कारण त्या पानं उलटताना मध्येच थांबल्या. मला वाटलं, सुटला बिचारा.

बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "म्हणजे यातलं तुमचं काहीच नाही."

हरेशला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुमीच शिकवलंत ना मना."

"मी कुणाला शिकवलं नाही. मी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. तुम्ही ती उचललीत."

मग त्यानं आपला प्रोग्राम छापलेला कागद काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ प्रोग्रामचं सगळं काम झाल्यावर निघालेलं उत्तर स्वतःच एकदा उलटं तपासून बघत होती, डब्याच्या नंबरात शेवटचा आकडा तपासतो तशी. ती त्याला कुणी शिकवली नव्हती. बाईंच्या कुठल्याच उत्तरात तशी ओळ नव्हती. त्याला वाटत होतं, बाई रविवारी तीच ओळ बघून ओळखतील. "ही डब्याची हाय, मॅडम," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. नीट वाचली. आणि म्हणाल्या, "ही तुमची आहे, खरं. ही नसती तरी चाललं असतं."

मग घड्याळ मनगटावर चढवलं. हरेशनं सातही वह्या एकेक करून पिशवीत भरल्या. त्याला घाई करता येत नव्हती, पिशवी फाटायला आली होती. मी पुढे होऊन धरायला हवी होती. मी जागची उठले नाही.

बुधवारी दुपारी मी एकटी बाईंकडे गेले. तोंडाला आलं ते सगळं बोलले. म्हटलं, बाई, त्याची बायको पेढे वाटून बसलीय, यार्डातली जागा भरली गेलीय, तुमच्या एका ओळीचा प्रश्न आहे. तुम्हाला माहीत आहे ते काम त्याचं आहे. बाईंनी ते नाकारलं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. त्या म्हणाल्या, हो, त्यांचंच आहे. आणि टेबलाशी बसून त्यांनी खरंच लिहिलं. 'रविवारी माझी चूक झाली. हे काम हरेश घरत यांनी स्वतः केलेलं आहे.' मी मागे उभी राहून वाचलं. साडेचार वाजले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग मागे न बघता म्हणाल्या, "अर्चना, हे टाकलं तर पुढच्या रविवारी माझं कोण ऐकेल?"

मी म्हटलं, ऐकतील बाई, उलट जास्त ऐकतील. बाई म्हणाल्या, तुला माणसं कळत नाहीत, तू फळ्याच लाव. आणि एकेक अक्षर मागून पुसत पुसत पाटी कोरी केली. मग त्या चहा टाकायला आत गेल्या.

त्यांचा कॉम्प्युटर उघडा होता. त्यांचं खातं उघडं होतं. दोन ओळी मला पाठ होत्या, टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि नाही तरी ॲडमिन मीच होते. मी टाकल्या नाहीत. माझी नोकरी बाईंच्या शब्दावर लागलेली होती आणि बाईंनी ठरवलं असतं तर एका रविवारात माझाही हरेश झाला असता. मी घाबरले. दुसरं काही कारण नव्हतं. पाच वाजेपर्यंत मी खुर्चीत बसून राहिले, पाच वाजले, आणि बाईंनी आतून विचारलं, तू अजून आहेस होय?

हरेशला यार्डात त्याच गेटवर परत घेतलं, पण आता ठेकेदाराकडून. कधी काम, कधी नाही. गटात त्याचं नाव निघालं की चोर म्हणूनच निघायचं. त्यानं आणखी दोन ठिकाणी अर्ज केले, दोन्हीकडे मुलाखतीच्या आधीच नकार आला. या धंद्यात सगळे एकमेकांचं वाचत असतात.

चार महिन्यांनी बाईंनीच त्याला निरोप धाडला. मला वाटतं, त्यांना तो आत नसणं टोचत होतं. गटाच्या बाहेर राहून खरं बोलणारा माणूस त्यांना नको होता. निरोप मीच पोचवला, नेहमीप्रमाणे. एकदा गटात येऊन स्पष्ट कबूल करा, नाव स्वच्छ करून घ्या, मग पुढचं बघू. हरेशनं फोनवर मला विचारलं, ताई, मंग मॅडम कुठं शब्द टाकतील का? मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, आधी येऊ तर दे. मी त्याला सांगितलं, टाकतील असं वाटतं. हे मी माझ्या पदरचं सांगितलं.

तो शनिवारी दुपारी आला. या वेळी हातात काही नव्हतं. बाईंनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, मोठाच मान, आणि म्हणाल्या, तुम्हीच लिहा, तुमच्या शब्दांत. त्यानं पाठ ताठ केली, दोन्ही हात ठेवले आणि खाली न बघता लिहायला लागला. दहाही बोटं. कुठल्या बोटानं कुठली कळ दाबायची याचा तक्ता बाईंनी गटात कधीतरी टाकला होता, तोही त्यानं वहीत उतरवला असणार. बाई त्याच्या मागे उभ्या होत्या. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, त्याच्या हातांकडे बघत होत्या. आपल्या इन्स्टिट्यूटमधून इतका चांगला हात बाहेर पडला नव्हता असं त्या नेहमी कुणाबद्दल तरी म्हणायच्या, पण कुणाच्या हातांकडे असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्या खूश होत्या. खरंच खूश होत्या.

त्यानं लिहिलं, 'त्या रविवारी मी पाठवलेलं काम माझं नव्हतं. मी नक्कल केली. मॅडमनी बरोबर ओळखलं. मी सगळ्यांची माफी मागतो.' पूर्णविरामानंतर प्रत्येक वेळी दोन जागा.

बाई म्हणाल्या, "अर्चना, मंजूर कर."

मी मोबाइल काढला आणि मंजूर केलं.

हरेश उठला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि उभा राहिला. त्याला विचारायला जड जात होतं ते दिसत होतं. शेवटी म्हणाला, "मॅडम, ते शब्द टाकायचं..."

बाई तोवर खुर्चीत बसल्या होत्या. खाली लोकांची उत्तरं यायला लागली होती आणि त्या ती वाचत होत्या. वाचता वाचताच, अगदी शांतपणे म्हणाल्या, "नक्कल केल्याचं स्वतः कबूल केलेल्या माणसासाठी मी शब्द कसा टाकणार, तुम्हीच सांगा."

तो माझ्याकडे बघायला लागला. रागानं नाही. मी त्याला काय सांगितलं होतं ते मला आठवतंय का, एवढंच बघत होता. मग तो जिना उतरून गेला. बाईंनी वर बघितलं नाही. त्या कुणाला तरी उत्तर लिहीत होत्या, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर समाधान होतं. बाईंना मी पाहिलं ते शेवटचं, त्यानंतर मी तिकडे गेले नाही.

हरेशचं ते लिखाण बाईंनी गटाच्या माथ्यावर लावून ठेवलंय. नव्या माणसाला आत आलं की पहिलं तेच दिसतं. त्याच्याखाली मंजूर करणाऱ्याचं नाव येतं, ते माझं आहे.